उजव्या अंगाचा बैल

मालक लढाईवर गेले तेव्हा आमच्या गोठ्यात दोन बैल होते. ते गेले त्याच पावसाळ्यात एक मेला. घटसर्प झाला. सकाळी वैरण सोडली, दुपारी गळा सुजला, दिवस मावळायच्या आत आडवा. मेला तो जोडीतला डाव्या अंगाचा. राहिला तो तांबडा, उजव्या अंगाचा.

ज्यांनी कधी औत धरलं नाही त्यांना हे सांगावं लागेल. बैल जुवाखाली ज्या अंगाला शिकला त्याच अंगाला जन्मभर चालतो. उजवा बैल डावीकडे जुंपला तर तो बावरतो, जोडीदाराच्या अंगावर रेलतो, फिरून आपल्या बाजूला यायला बघतो. शिकवला तर बदलतो, नाही असं नाही. पण त्याला सवड लागते, आणि पेरणीच्या दिवसांत सवड कुणाकडेच नसते.

आमचं गाव सोनईहून दोन कोस. वरचा तुकडा मुरमाड, त्यात पावसाळ्यात बाजरी. खालचं रान काळं, त्यात हस्ताच्या पावसावर शाळू, म्हणजे थंडीतली ज्वारी. आमचं खरं पीक शाळूच. दाणे माणसांना वर्षभर, कडबा जनावरांना वर्षभर. शाळू बुडाला की कडबा जातो, कडबा गेला की बैल जातो आणि बैल गेला की रान दुसऱ्याच्या हातात जातं. मी शेतकऱ्याचीच लेक, त्यामुळे हे मला सासरी कुणी शिकवावं लागलं नाही.

घरात मी, सासूबाई, लग्नाची एक नणंद आणि माझी मांडीवरची पोरगी. मालकांचे थोरले चुलतभाऊ शेजारच्या घरात राहत. सगळे त्यांना दादा म्हणत. त्यांच्या दोन जोड्या होत्या. आमचा बैल मेला त्या आठवड्यात दादा ओट्यावर येऊन बसले आणि सासूबाईंना म्हणाले,

"काकू, एका बैलावर काय हुनार? रान अर्धलीनं द्या मला. मी पेरतो, मीच काढतो, निम्मं तुमच्या घरात आनून टाकतो. घरबसल्या खा."

मी दाराआडून म्हणाले, "घरबसल्या खायची सवय लागली की मग उठवत न्हाई."

"सूनबाईची जीभ लई तिखट हाय, काकू."

"तिखटाबिगर भाकरी जाती का घशाखाली?" सासूबाई म्हणाल्या. त्या वेळी त्या माझ्या बाजूला होत्या.

रान द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. मालक परत येतील तेव्हा त्यांना त्यांचं रान आपल्या हातानं पेरलेलं दिसलं पाहिजे, एवढीच गोष्ट माझ्या डोक्यात होती. कौतुक नको होतं. अर्धलीनं गेलेलं रान परत येत नाही, आणि भाऊबंदाकडे गेलेलं तर मुळीच नाही, हे मी माहेरी डोळ्यांनी पाहिलं होतं.

पहिल्या साली दादांकडे पेरणीपुरता एक बैल मागितला. "देतो की, घरचंच हाय," ते म्हणाले. पण दिला तो त्यांचं स्वतःचं रान पेरून झाल्यावर. तोवर ओल खाली गेली होती. शाळू निम्मा उगवला, उरलेला ढेकळांत किडला. दुसऱ्या साली पुन्हा विचारायला गेले तर दादा म्हणाले, "अगं, बघू की. येळ आल्यावर बघू." वेळ आल्यावर काय बघतात ते मी बघितलं होतं.

मग मी बांधापलीकडे गेले.

आमच्या काळ्या रानाला लागून एका ख्रिस्ती म्हाताऱ्याचा तुकडा होता. त्याच्या आज्यानं मिशनचा धर्म घेतला होता. धर्म बदलला तरी गावानं त्यांची जागा बदलली नव्हती. घरं वेशीबाहेर होती, पाणी वेगळं होतं. शनीचं शिंगणापूर आमच्यापासून जवळ, तिथल्या घरांना दारं नसतात म्हणून लोक नवलानं बघायला जातात. आमच्या गावातल्या घरांना दारं होती, आणि ती कुणापुढे उघडायची, कुणापुढे नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

म्हाताऱ्याचाही एकच बैल होता. पांढरा, डाव्या अंगाचा.

एकेक बैल असलेली दोन घरं आपले बैल एका जुवाखाली आणतात, याला सावड म्हणतात. एक दिवस तुझ्या रानात, एक दिवस माझ्या. बैलाबरोबर माणूसही येतो. कुणी कुणाला काही द्यायचं नाही, कारण दोघांची गरज सारखी. सावडीला एकच नियम आहे: जू पेरणी उरकल्यावर मोडावं, पेरणीच्या तोंडावर नाही. भावाभावांत वैर झालं तरी लोक तेवढं पाळत.

मी विचारलं तेव्हा म्हातारा बैलाला वैरण घालत होता.

"बाई, तुमच्या घरचे काय म्हंतील?"

"घरची मीच हाय."

"मग गाव काय म्हनल?"

"गाव बैल देतंय का?"

तो हसला. पुढचे दोन दात नव्हते. आमच्याकडे त्याला नावानं आणि एकेरीत हाक मारायची रीत होती. पण ज्याच्या बैलाशी आपला बैल जुंपायचा त्याला एकेरी बोलणं मला जड गेलं. मी त्यांना बाबा म्हणू लागले. ते शेवटपर्यंत मला बाईच म्हणाले.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं, आता तांब्या फेकतील. त्या चुलीपुढे बसून म्हणाल्या, "बैलाला कसली जात आली? शेन तर त्याच्या बैलाचंबी पडलेलं उचलून आनतोच की आपन. घर सारवतो, द्येव ठिवतो त्यावर." हे वाक्य मी पुढं खूप वेळा आठवलं.

चार पेरण्या आम्ही तशा केल्या. बाबा पाभर, म्हणजे पेरणीचं औत, हाकायचे. पाभरीवर लाकडी वाटीसारखं चाडं असतं, त्यात मूठमूठ बी सोडलं की ते नळ्यांतून जमिनीत उतरतं. चाड्यावर मी. मूठ सारखी पडली पाहिजे, ना दाट ना पातळ. त्यांच्या रानातही चाड्यावर मीच असे, कारण त्यांच्या बायकोचे हात वातानं वाकडे झाले होते. जेवायला आम्ही बांधाच्या दोन बाजूंना बसत असू. भाकरी आपापली, पाणी आपापलं. मी त्यांच्या घरात कधी गेले नाही, ते आमच्या ओट्यावर कधी चढले नाहीत. तेव्हा मी काही मोठी सुधारणा केली असं कुणी समजू नये. मला बैल हवा होता.

फक्त एक गोष्ट मी करत असे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून खांदा निबर होतो, त्याला तूप-हळद चोळायची आणि म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मी तांबड्याचा खांदा मळून झाला की वाटी घेऊन बांधावर जाई आणि पांढऱ्याचाही मळे. जू एकच होतं. एकाच खांद्याला तूप लावणं मला बरं वाटेना.

लढाई थांबली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मालक परत आले. ते पलटणीत लॉरी चालवत. अंगावर खाकी सदरा, पायात बूट, हातात पत्र्याची पेटी. एका कानानं कमी ऐकू येत होतं. पोरगी त्यांना बघून माझ्या मागं लपली ती दोन दिवस पुढं आली नाही. ते आल्यावर दुसरा बैल घ्यायचा असं मी मनात धरलं होतं. पण त्यांच्याबरोबर जे पैसे आले ते नणंदेच्या लग्नात गेले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, लग्न व्हायलाच हवं होतं.

आल्या आल्या त्यांनी रान पाहिलं. बांध धड होते, हराळी नव्हती. "बरं ठिवलंस," एवढं म्हणाले. मला तेवढं पुरलं.

संध्याकाळी ते पारावर बसत आणि गाव भोवती जमे. गोष्टी सांगायला त्यांना छान जमायचं. सगळ्यांत आवडती गोष्ट वाळवंटातली. लॉरी वाळूत बंद पडलेली, चौघे जण, पाण्याची एकच बाटली. एक पठाण, एक मद्रासी, एक नगरकडचा ख्रिस्ती आणि हे. दिवसभर तीच बाटली या तोंडातून त्या तोंडात.

"तोंड लावून?" दादा विचारत.

"तोंड लावून."

"आन मग?"

"मग काय? जगलो."

लोक हसत. दादा सगळ्यांत मोठ्यानं हसत.

बाबांशी मालकांचं आधी बरं जमलं. बाजरीच्या कोळपणीला दोघं मिळून राबले. एकदा दुपारी मालकांनी पलटणीतला आपला पितळी मग बाबांना चहाला दिला. बाबा घेईनात. "घ्या हो, ह्यातून सगळ्या दुनियेनं चा प्यालाय," मालक म्हणाले. बाबांनी मग घेतला, बांधापलीकडे जाऊन प्यायले आणि मातीनं घासून परत दिला. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी ते पाहिलं असावं.

पोळा आला. आमच्याकडे पोळ्याला सगळ्या जोड्या सजवून वेशीबाहेर उभ्या करतात आणि मानाप्रमाणे एकेक वेशीतून आत येते. मधल्या सालांत आमचा तांबडा एकटाच सगळ्यांच्या मागून कुणातरी गड्याच्या हाती येई. त्याबद्दल कुणी काही बोलत नसे. बाई माणसाच्या घरचा बैल, त्याला कसला मान.

या साली मालकांनी स्वतः तांबड्याची शिंगं रंगवली. खाकी सदरा घातला, छातीवर फिती लावल्या. लढाईवरून आलेला माणूस, आपल्याला पुढं उभं करतील असं त्यांना वाटलं, आणि ते बैल घेऊन पुढं जाऊन उभे राहिले. मी बायकांबरोबर वेशीच्या आत ओवाळायचं ताट घेऊन उभी होते, तिथून सगळं दिसत आणि ऐकू येत होतं.

दादा म्हणाले, "आरं, हितं कुठं? मान जोडीचा असतो."

"एकच बैल हाय माझा."

"एकच कसा? तुझी जोडी तर साऱ्या शिवाराला ठाव हाय. आन की तो पांढरा. लाजतोस का?"

कुणीतरी मागून म्हणालं, "सायबानं फिती दिल्या, बैल न्हाई दिला व्हय?"

"बैल कशाला? कारभारनीनं सोयरा केलाय ना येशीभायला!"

हशा झाला. मालकांना एका कानानं ऐकू येत नव्हतं, पण दुसरा चांगला होता. त्यांचा चेहरा मी पाहिला. पाच वर्षं माणूस तोफांच्या आवाजात लॉरी चालवत होता, तेव्हा त्याचं काय झालं असेल मला माहीत नाही. पण त्या दिवशी वेशीपुढे तो हरला. त्यांनी बैल वळवला आणि वेशीतून न येता गावाला वळसा घालून मागच्या वाटेनं घरी आणला.

घरी पुरणपोळी तशीच राहिली. मी बैलापुढे नैवेद्य ठेवत होते तेव्हा ते म्हणाले, "सावड मोडली. दादा बैल द्यायला तयार हायेत. आत्ताच बोललो."

"पेरनी तोंडावर आलीय. पेरून झाल्यावर मोडा."

"आत्ताच."

"अवो, दादांच्या कोनत्या जोडीतला बैल?"

"धाकल्या जोडीतला. दुसऱ्याचा पाय मोडलाय, हा मोकळाच हाय."

ती जोडी मला माहीत होती. पाय मोडलेला होता तो डावा. "तोबी उजव्या अंगाचा," मी म्हणाले. "दोन उजवे एका जुवात कसे चालतील?"

"मी सा टनाची लॉरी डोंगरावर उलटी चढवलीय. मला बैल शिकवू नगंस."

मग मी बोलायचं ते बोलले. "एका बाटलीला तोंड लावून पानी पिलात म्हनून पारावर सांगता. हितं तर नुसता बैलाशेजारी बैल चालतोय."

त्यांनी छातीवरच्या फिती काढल्या. मग म्हणाले, "तिथं आपलं कोन बगत हुतं?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. शेणाचं वाक्य त्यांचंच होतं. त्या वाती वळत होत्या. "आता घरचा पुरुष आलाय," त्या म्हणाल्या. "तो म्हनल तसं."

बाबांना सांगायला मालक गेले नाहीत. मीच गेले. बाबा गोठ्यात होते. पांढऱ्याच्या खांद्यावरची हळद अजून पिवळी दिसत होती.

"पेरल्यावर मोडा म्हनावं," ते म्हणाले.

"म्हनाले मी."

"मग?"

"न्हाई ऐकत."

त्यांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. ते रागावतील असं मला वाटलं होतं आणि ते रागावलेच. "मी तुमच्याकडं आलो नव्हतो, बाई. तुमी आला होता. आता पेरनीच्या तोंडावर मी कुठं जोडी हुडकू? माझ्या रानाचं काय?"

 मी तशीच घरी आले. पुढं कळलं, त्यांनी बहिणीच्या गावी जाऊन तिच्या मुलाशी सावड धरली आणि बैल तिकडं नेला.

हस्ताचा पाऊस त्या साली चांगला झाला. तेच जास्त लागलं. पावसानंतर काळी जमीन आधी चिकट असते, मग काही दिवस ना ओली ना कोरडी, हाताला भुसभुशीत लागते. तो वाफसा. तेवढ्यात पेरलं तर पेरलं. शिवारभर पाभरी चालू झाल्या. दादांची चांगली जोडी त्यांच्या रानात होती, आणि मोकळा म्हणून सांगितलेला बैल त्यांच्या मेहुण्याकडे पेरायला गेला होता.

मालक रोज दादांकडे जात. "येतोय की उंद्या," दादा म्हणत.

बैल आला तेव्हा वरची माती पांढरी पडायला लागली होती. तरी खाली ओल होती. मी बोट खुपसून पाहिलं. मालकांनी तांबड्याला डावीकडे घातलं, कारण तो आपला, आपलं ऐकेल. मी चाड्यावर उभी राहिले.

तांबडा चार पावलं गेला आणि थांबला. मान वळवून त्यानं उजवीकडच्या बैलाकडे पाहिलं. मग त्याच्या अंगावर रेलायला लागला. दुसरा बैल दचकून बाहेर ओढू लागला. पाभर तिरकी झाली, एक फण जमिनीच्या वर, दुसरा ढेकळात. माझी मूठ सुटली ती वाऱ्यावर.

"हो, हो! लेफ्ट! लेफ्टला राहा!" मालक ओरडत होते. बांधावरून जाणारा एक जण थांबून हसला. "सुभेदार, बैलाला विंग्रजी येत न्हाई!"

जू बदललं. दादांचा बैल डावीकडे, तांबडा उजवीकडे. आता तांबडा सरळ चालू लागला तर तो दुसरा बसला. खरोखर बसला, तासाच्या मध्येच, म्हणजे पाभरीनं ओढलेल्या रेघेतच, पाय दुमडून. शेपटी पिळली, टोचलं, उठेना. मालकांनी कमरेचा पलटणीचा पट्टा काढला. बक्कल पितळी होतं. मी म्हणाले, "त्याला कशाला मारता, त्यानं काय केलंय?" त्यांनी ऐकलं नाही, किंवा ते माझ्याकडे बहिरा कान करून उभे होते. बैल उठला, पण औतासकट उधळला, आणि पाभरीचा दांडा मोडला.

सुतारानं नवा दांडा बसवून दिला तोवर वारा सुटला होता. कोरडा, पूर्वेचा. दुसऱ्या खेपेला पेरलं, पण तास पाहून मीच म्हणाले, बी वाया घालवू नका. खाली ओल उरली नव्हती. मी मुठीतलं बी परत ओटीत टाकलं. पाच वर्षांत मी असं कधी केलं नव्हतं.

दिवाळीला सगळ्यांचे शाळू गुडघाभर होते. आमच्या रानात कुंद्याचं गवत उगवलं होतं. मी रोज त्याच्याकडे बघून धुणं धुवायला जात असे, दुसरी वाट नव्हती.

बाकीचं सगळं क्रमानं झालं, जसं होतं तसं. माघात कडबा संपला. चैत्रात मी झाडांचा पाला आणून तांबड्याला घातला. उन्हाळ्यात त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या तेव्हा मालक त्याला घोडेगावच्या बाजारात घेऊन गेले आणि एका दलालाला देऊन आले. घरी येऊन दावं खुंटीला अडकवलं. "बैल चांगला हुता," ते म्हणाले. मी भाकऱ्या थापत होते, थापत राहिले.

पावसाळ्याआधी मालकांना खालच्या भागात एका साखर कारखान्याच्या मळ्यावर लॉरीचं काम मिळालं. लॉरीवर बसले की ते बरे असत. जाताना रान दादांना अर्धलीनं दिलं. ओट्यावर बसून बोलणं झालं, सासूबाईंनी दोघांना चहा दिला. दादा माझ्याकडे, म्हणजे दाराकडे बघून म्हणाले, "सूनबाई, आता घरबसल्या खा."

या खेपेला मी चुलीतला जाळ मागं ओढला.

हस्त आला. मी भाजीला म्हणून रानाकडे गेले होते. आमच्या काळ्या रानात पाभर चालू होती. लांबूनच मी तांबड्याला ओळखलं. उजव्या अंगाला तो, डाव्या अंगाला पांढरा, आणि मागं आसूड घेऊन बाबा. घोडेगावच्या त्या दलालाकडून बाबांनी तांबडा विकत घेतला होता. कुणाच्या जोडीची आशा नको, आपली जोडी असलेली बरी, असा विचार त्यांनी केला असणार. दादांच्या चांगल्या जोडीतल्या एका बैलाचा खांदा सुजला होता आणि वाफसा तर दारात उभा, म्हणून त्यांनी बाबांची जोडी भाड्यानं बोलावली होती. चाड्यावर दादांची बायको होती.

मी पदर पुढं ओढून बांधावर उभी राहिले. दादा तिथंच तंबाखू मळत होते.

"दादा," मी म्हणाले, "ह्या जोडीनं रान न्हाई का बाटत?"

त्यांना माझ्या बोलण्यातलं कडू कळलं की नाही, सांगता येत नाही. अगदी समजुतीनं म्हणाले, "भाड्याचा बैल हाय, सूनबाई. भाड्याचा बैल कसला बाटवतोय? सावड येगळी. सावडीत बरोबरी आली."

बाबा तास संपवून बांधाशी आले. वळणावर तांबडा आपणहून वळला. ते रान त्याला पाठ होतं. तो माझ्यापुढून गेला तेव्हा मी त्याच्या खांद्याकडे पाहिलं. त्या साली कुणी मळला होता की नाही, कळलं नाही. दादांच्या बायकोची मूठ दाट पडत होती. मी नकळत चाड्याकडे हात पुढं केला.

"बाई, बाजूला व्हा," बाबा म्हणाले. "आज त्यांचं औत हाय."

मी बाजूला झाले. बोलले त्यात त्यांची चूक नव्हती. मी भाजी खुडली आणि घरी आले.

दिवाळीला मालक सुट्टीवर आले तेव्हा रानात शाळू गुडघ्याच्या वर होता. तास सुतासारखे सरळ. त्यांनी बांधावरून पाहिलं.

"कुनी पेरलं?"

मी सांगितलं. कुणाची जोडी, कोण कुठल्या अंगाला, सगळं. ते ऐकत होते. चांगला कान माझ्याच बाजूला होता. मग म्हणाले, "जोडी चांगली हाय," आणि पारावर गेले.

दिवस मावळताना मी पाण्याची कळशी घेऊन पारावरून येत होते. भोवती माणसं बसली होती. दादा पुढंच होते. मालक वाळवंटात पोचले होते, लॉरी बंद पडली होती, चौघांत एक बाटली होती.

"तोंड लावून?" दादांनी विचारलं.

"तोंड लावून," हे म्हणाले.

सगळे हसले. मी कळशी या कमरेवरून त्या कमरेवर घेतली आणि घरी गेले.